किल्ली हाती देण्यापूर्वी

सकाळचे सहा वाजत आलेले असतात. हमरस्त्याच्या कडेने साधू-साध्वींचा विहार सुरू असतो. पुढे-मागे श्रावकांची तरुण मंडळी चालत असतात. त्यांच्या अंगावर दुरूनही चमकणारे पट्टे असलेली जाकिटे असतात आणि मागून एक गाडी दिवे लुकलुकवत सावकाश येत असते. विहारात वाहनाची धडक बसून साधू-साध्वींनी प्राण गमावल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. त्या अनुभवातूनच ही विहारसेवा गावोगावी उभी राहिली.

नेमक्या त्याच वेळी गावातील एखाद्या घराचे फाटक उघडते. पाठीवर दप्तर, कोपरात अडकवलेले हेल्मेट आणि हाती वडिलांच्या स्कूटरची किल्ली घेऊन सोळा वर्षांचा मुलगा शिकवणीसाठी बाहेर पडतो. कोपऱ्यावर एक मित्र मागे बसतो, पुढच्या चौकात दुसरा. उशीर झालेला असतो, म्हणून वेग वाढतो. सांगली, इचलकरंजी, बारामती, सोलापूर, गावाचे नाव कोणतेही घ्यावे, हे दृश्य बदलत नाही. विहारातील अपघाताची वार्ता ऐकून ज्या घरातील आजीला अन्न गोड लागत नाही, त्याच घरातील नातू परवाना नसताना त्याच रस्त्यावर गाडी पळवत असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मात्र घरात कोणाच्या सहसा ध्यानी येत नाही.

सोयीतून जडलेली सवय

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी जाते ती बहुधा लाडापोटी नव्हे, सोयीपोटी. शिकवणी एका टोकाला, महाविद्यालय दुसऱ्या टोकाला, वडील दुकानात आणि आई घरकामात. बसच्या वेळा जुळत नाहीत. प्रथम ‘गल्लीच्या तोंडापर्यंतच’ अशी परवानगी मिळते, मग बाजारापर्यंत आणि वर्षभरात हमरस्त्यापर्यंत. ‘आमचा मुलगा फार जपून चालवतो’ हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येते, आणि ते खोटेही नसते. पण गाडी चालवता येणे ही एक गोष्ट आणि रस्त्यावरील धोका वेळीच ओळखता येणे ही दुसरी. पहिली आठ दिवसांत जमते. दुसरीला वर्षे लागतात.

१९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी नोंदवले. त्याला प्रथम जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि त्यावर देशभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. परंतु निबंधाच्या चर्चेत त्याच्या आधीचा प्रश्न मागे पडला. गाडीची किल्ली मुलाच्या हाती जाते तेव्हा मोठ्यांपैकी कोणी ‘नाही’ का म्हणत नाही? हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या महागड्या मोटारींपुरता नाही. तो दारात उभ्या असलेल्या साध्या स्कूटरलाही तितकाच लागू आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटार अथवा नेहमीची दुचाकी चालवण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना पालकांच्या संमतीने परवाना मिळू शकतो, पण तो पन्नास घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठीच. बाजारात सर्रास दिसणाऱ्या स्कूटर शंभर घन सेंटिमीटरच्या पुढच्या असतात. त्या या सवलतीत बसत नाहीत. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला परवाना लागत नाही, हाही एक पसरलेला गैरसमज आहे. अडीचशे वॉटपर्यंतची शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या गाडीलाच ती सूट आहे. त्याहून वेगवान विजेच्या गाडीला सगळे नियम लागू होतात.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. वाहन आपल्या नकळत नेले गेले किंवा ते रोखण्यासाठी आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकांवर असतो. शिवाय चालकाकडे परवाना नसेल, तर अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई विमा कंपनी वाहनमालकाकडून वसूल करू शकते. आयुष्यभर जमवलेली पुंजी एका सकाळी जाऊ शकते.

वेगाचे गणित

दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असे एक गणित आहे, आणि ते प्रत्येक घरात एकदा कागदावर मांडून पाहावे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. समोर धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच सतरा मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर मोटार थांबायला आणखी सुमारे वीस मीटर लागतात. एकूण सदतीस मीटर. वेग ताशी चाळीस असेल, तर हेच सगळे अंतर वीस मीटरच्या आसपास येते.

या हिशेबातली धक्कादायक बाब पुढेच आहे. ताशी चाळीसने येणारी गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेली असते, त्या ठिकाणी ताशी साठने आलेल्या गाडीचा वेग अजूनही पंचावन्नच्या आसपास असतो. रस्ता ओलांडणारी वृद्धा पहिल्या गाडीसमोर घाबरून उभी राहते; दुसऱ्या गाडीपुढे ती वाचण्याची आशा फार थोडी. पावसाने रस्ता ओला असेल, तर अंतर आणखी वाढते. धावत्या गाडीवर पाच सेकंद मोबाइलकडे पाहिले, तर ताशी साठच्या वेगात ऐंशी मीटरहून अधिक रस्ता न पाहताच कापला जातो.

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. पाच ते एकोणतीस या वयोगटातील मृत्यूंचे जगभरातील पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढी काळजी घेऊन वाढवलेल्या मुलांना सर्वांत मोठा धोका आजारपणाचा नसून घराबाहेरच्या रस्त्याचा आहे.

वय आणि मित्रांची संगत

सोळा-सतरा वर्षांचे मूल बुद्धीने कमी नसते. नियम त्याला पाठ असतात. परंतु या वयात मित्रांसमोर मागे पडण्याची भीती अपघाताच्या भीतीहून मोठी असते. एकटा असताना सरळ चालवणारा मुलगा मागे मित्र बसताच वळणावर गाडी झुकवतो. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ पासून नवशिक्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत स्वीकारली. तेथे मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि सोबत जाणता चालक नसेल, तर प्रवासी बसवण्यावरही निर्बंध असतात. पुढे अमेरिकेतील राज्यांनीही अशाच पद्धती आणल्या. भारतात अशी टप्प्यांची सक्ती नसली, तरी घराला स्वतःचा नियम करण्यास कोणाची आडकाठी नाही.

प्रमाद म्हणजेच हिंसा

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे असावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. मारण्याची इच्छा नव्हती, एवढे म्हणून जबाबदारी संपत नाही. सावधपणा सोडला, तेथेच दोषाचा आरंभ होतो. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींतील पहिली ईर्यासमिती हीच आहे: पुढची जमीन पाहत, जीव जपत पाऊल टाकणे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून दृष्टी खाली ठेवण्याची शिकवण ज्या परंपरेने दिली, त्या परंपरेतील मुलाच्या हाती शंभर किलोची गाडी देताना सावधपणाचा एक शब्दही सांगितला जात नाही, हे विसंगत आहे. पाठशाळेत अहिंसेचा धडा घेतलेल्या मुलाला सिग्नलवर थांबणे, पादचाऱ्याला वाट देणे आणि शाळेजवळ वेग उतरवणे हाही त्याच धड्याचा भाग आहे, असे समजावले तर ते त्याला चटकन पटते. दंडाची भीती पोलिस दिसेपर्यंत टिकते; पटलेली गोष्ट एकांतातही टिकते.

घराने काय करावे

पहिली गोष्ट, परवाना मिळेपर्यंत ‘नाही’ हे उत्तर आई-वडील आणि आजी-आजोबा या सर्वांनी एकच द्यावे. एकाने नाकारायचे आणि दुसऱ्याने गुपचूप किल्ली द्यायची, हे थांबले पाहिजे. शिकवणीला जाणाऱ्या चार-पाच मुलांच्या पालकांनी आळीपाळीने सोडण्याची व्यवस्था केली, तर सोयीचा प्रश्न बराच सुटतो. सायकल हाही कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरी, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना रीतसर काढावा, आणि पक्का परवाना हाती आल्यावरही पहिले सहा महिने शिकण्याचेच समजावेत. आरंभी दिवसा व ओळखीच्या रस्त्यावर, मग गर्दीत, मग पावसात आणि सर्वांत शेवटी रात्री व महामार्गावर अशी पायरी ठेवावी. या काळात मागे मित्र बसवू नये. दुचाकीवर चालकाशिवाय एकाहून अधिक जण बसवणे तर कायद्यालाच मंजूर नाही.

तिसरी, हेल्मेट प्रमाणित, डोक्याला घट्ट बसणारे आणि हनुवटीखाली पट्टा लावलेले असावे. पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेत सर्वांत आधी उडून जाते. मागे बसणाऱ्यालाही ते तितकेच आवश्यक आहे.

चौथी, मूल रस्त्यावर असण्याच्या वेळेत त्याला फोन करू नये. ‘कुठे पोहोचलास?’ हा आईचा काळजीचा प्रश्नच कधी कधी त्याचा हात खिशाकडे नेतो. पोहोचल्यावर त्याने कळवावे, एवढे ठरलेले असावे. आणि कधी उशीर झाला, झोप अनावर झाली किंवा गाडी चालवणारा मित्र नशेत असला, तर मुलाने घरी फोन करावा आणि घरच्यांनी त्या वेळी एक शब्दही न रागावता घ्यायला जावे. बोलणे दुसऱ्या दिवशी करता येते.

पाचवी, रस्त्यात अपघात दिसला तर थांबावे, १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे. ‘नसती लफडी नकोत’ म्हणून पुढे निघून जाण्याची शिकवण मुलांना मोठ्यांकडूनच मिळते.

आणि या सर्वांच्या आधीची गोष्ट म्हणजे मोठ्यांचे स्वतःचे वागणे. मागच्या आसनावर बसलेले आठ वर्षांचे मूल वडिलांना उलट दिशेने गाडी घालताना आणि फोन कानाशी धरताना पाहत असते. त्याचे वाहन-शिक्षण तेव्हाच सुरू झालेले असते. दहा वर्षांनी दिलेला उपदेश त्या शिक्षणापुढे टिकत नाही.

परवान्याचा दिवस अनेक घरांत पेढे वाटून साजरा होतो. त्या दिवशी मुलाला सकाळी लवकर उठवून एका विहारात चालायला पाठवावे. कडेच्या मातीवरून पायी चालताना शेजारून सुसाट गेलेल्या गाडीचा वारा अंगाला कसा लागतो, ते त्याला स्वतः कळू द्यावे. घरी परतल्यावर किल्ली त्याच्या हाती द्यावी.