फ्रान्स राहू दे, पांदणीला चला!

हॉर्न नाही, सिग्नल नाही, मागून कट मारणारा टेम्पो नाही. अशा रस्त्यावर सायकल चालवायला युरोपचा व्हिसा लागतोच असं नाही. हिंगोली जिल्ह्याचं तिकीटही चालतं!

दिवाळीनंतरची गोष्ट. आमचा टीम लीडर फ्रान्सला सायकल चालवून आला आणि लंच टाइममध्ये फोटो दाखवायला बसला. पांढुरकी खडीची वाट, दोन्ही बाजूंना शेतं, लांबवर चर्चचा मनोरा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. ‘‘पूर्ण ट्रिपमध्ये हॉर्न ऐकला नाही, माहितीये?’’ तो म्हणाला. सगळे ‘वॉव’ म्हणाले. मी मात्र फोटोकडे बघतच राहिलो. चर्चच्या जागी मारुतीचं देऊळ आणि द्राक्षांच्या जागी तूर लावा, ही तर आमच्या गावची पांदण!

तोंडातून निघूनही गेलं. लगेच प्रश्न आला, ‘‘कुठलं रे तुझं गाव?’’

‘‘हिंगोली जिल्हा.’’

‘‘म्हणजे नक्की कुठे?’’

आता त्यांची तरी काय चूक? पुण्यात आल्यापासून सहा वर्षं मीच ‘नांदेडजवळ’ सांगून मोकळा होत होतो. त्या दिवशी मात्र काय झालं कोण जाणे, सव्वीस जानेवारीला जोडून रजा टाकली, सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत कोंबली आणि निघालो घरी.

ग्रॅव्हल म्हणजे काय रे भाऊ?

ग्रॅव्हल म्हणजे साधी खडी. ग्रॅव्हल बाइक दिसते रेसिंग सायकलसारखी, हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर चांगले ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद. रेसिंगचे असतात २५ ते २८. टायर रुंद म्हणून हवा कमी भरली तरी चालते, आणि हवा कमी म्हणून खडीचे धक्के मनगटापर्यंत पोचत नाहीत. डांबरावर पळते, मातीवर रुसत नाही. हा प्रकार आता इतका फोफावलाय, की सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय २०२२ पासून त्याची वेगळी वर्ल्ड चॅम्पियनशिपही भरवते.

किंमत ऐकून घाम फुटला? टेन्शन नको. माझी साधी हायब्रिड आहे. टायर तेवढे जाड टाकून घेतले, झालं काम!

त्यांची ‘हिरवी वाट’, आपली पांदण

फ्रान्समध्ये हे सगळं आपोआप घडलं नाही बरं का. बंद पडलेल्या रेल्वेलाइनी आणि कालव्यांच्या काठच्या वाटा त्यांनी सायकलींसाठी मोकळ्या केल्या. अशी पहिली ‘व्हॉय व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, १९९७ मध्ये बर्गंडीत झाली, जिव्री ते क्लूनी, ४४ किलोमीटर. गाड्यांना सक्त मनाई.

आपल्याकडे पाटी नाही, नकाशा नाही, पण पांदण आहे. गावातून शिवारात जाणारी, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेली, दोन्ही बाजूंना बाभळी-बोरींचं कुंपण असलेली वाट. सरकारी कागदावर तिला ‘पाणंद रस्ता’ म्हणतात. अलीकडे शेतरस्त्यांच्या योजनांमधून त्यातल्या काहींवर खडी आणि मुरूम पडला. तो पडला ट्रॅक्टरसाठी, पण जाड टायरच्या सायकलवाल्याला आयतंच रान मोकळं!

शिवाय कॅनॉल आहेच. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं. सिद्धेश्वरहून निघालेला कालवा वसमतच्या बाजूला उतरत जातो. त्याच्या भरावावरची वाट कुठे गुळगुळीत, कुठे नुसते दगडधोंडे. पण चढ जवळजवळ नाहीच. पाणी वाहायचं तर चढ कसा चालेल?

‘कुणाचा रे तू?’

पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. थंडी अशी, की बोटं ब्रेकवर वळेनात. हरभऱ्यावर दव, गहू गुडघ्याएवढा, तूर काढायला आलेली. तासभरात दोन मोटरसायकली, एक बैलगाडी आणि सहा-सात शेळ्या भेटल्या. तासाभराचं ट्रॅफिक एवढंच!

एका वळणावर फटकन हवा गेली. बाभळीचा काटा असेल म्हणून बघतो, तर सराटा! हा चिमुकला काटेरी गोळा हिंगोलीच्या पांदणीचा खरा मालक. ट्यूब बदलत बसलो होतो, तर बांधावरून एक काका आले.

‘‘कुणाचा रे पोरा तू?’’

आजोबांचं नाव सांगितलं. तेवढं पुरलं. ‘‘पुण्याला असतो ना तू? मग सायकल का? पेट्रोल लई महाग झालं का तिकडं?’’ मी हसलो. काका नाही हसले. त्यांना खरंच काळजी वाटली होती! चहा घेतल्याशिवाय काही सोडलं नाही.

तिथून औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगाचं देऊळ, काळ्या दगडातलं, कोरीवकाम बघत मान दुखावी असं. इथला नंदी देवासमोर नाही, देवळाच्या मागे आहे. लहानपणी आजीनं सांगितलेली गोष्ट आठवली. नामदेवांना कीर्तन करायला देवळामागे पाठवलं, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसीही याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी.

दुसऱ्या दिवशी कॅनॉलच्या कडेनं वसमतकडे. हळद काढायचे दिवस सुरू झाले होते. हिंगोलीच्या बाहेर फार कुणाला माहीत नसतं, पण वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. शेताशेतात ओल्या हळकुंडांचे ढीग, शिजवायच्या कुकरमधून निघणारी वाफ, आणि पुढे खळ्यावर वाळत घातलेलं पिवळंधम्मक अंगण. त्या वाफेतून सायकल घातली, तर जॅकेटला दोन दिवस वास होता. कुठल्या पर्फ्युमला येणार नाही असा!

शांततेचा पत्ता

आता एक धमाल योगायोग ऐका. ही शांतता शोधत मी एकटाच आलेलो नाही. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा होतेय. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी. केंद्रानं २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी. काटकोनात जोडलेल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यातल्या आरशांची जी हालचाल मोजायची, ती प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक!

एवढं बारीक मोजायचं तर आजूबाजूला धडधड नको. अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या वेधशाळेला जवळून जाणारी आगगाडी आणि जंगलातली लाकूडतोडसुद्धा त्रास देते. त्यामुळे जागा निवडताना देशभर ‘शांत जमीन’ शोधली गेली, आणि ती सापडली आमच्याकडे.

घरी हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, ‘‘शांत कशाची? चोवीस साली मार्चमध्ये सकाळी सकाळी मांडणीतली भांडी वाजली होती.’’ खरंय. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले होते. पण शास्त्रज्ञांना नको असते ती माणसांची रोजची वर्दळ. आणि ती इथे कमी आहे.

पण का कमी आहे?

हा प्रश्न मला तिसऱ्या दिवशी पडला. रात्री जेवताना मी रंगात येऊन सांगत होतो, ‘‘अण्णा, काय भारी रस्ते आहेत आपले! डांबर नाही तेच बरंय.’’

अण्णांनी भाकरी मोडली. म्हणाले, ‘‘तुझी आजी बाजेवर गेली होती, आठवतं का?’’

आठवतं. मी तेव्हा सातवीत होतो. भर पावसाळा. काळी माती एकदा भिजली की चाकाला अशी धरते, की बैलसुद्धा हलत नाही. आजीच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घेऊन याच पांदणीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. दीड तास लागला. आजी वाचली, पण त्या दीड तासाला आमच्या घरात अजून कुणी ‘भारी’ म्हणत नाही.

‘‘तुला खडी आवडली, बरं झालं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आम्हाला डांबर पाहिजे.’’

मग हळूहळू बाकीचंही लक्षात यायला लागलं. तासाभरात दोनच मोटरसायकली, कारण त्या चालवणारी पोरं पुण्यात. माझ्या दहावीच्या वर्गातली निम्मी तर हिंजवडी आणि चाकणच्या मधे कुठेतरी सापडतील. ज्या निवांतपणाचे मी फोटो काढत होतो, त्यात माझा स्वतःचाही वाटा होता. मी तिथे नसण्याचा!

म्हणून जाऊ नका असं मुळीच नाही. जरूर जा! फक्त रस्ता असाच कच्चा राहावा, असं बांधावरच्या माणसाला सांगू नका. फ्रान्समध्ये हिरवी वाट वेगळी आणि दवाखान्याचा रस्ता वेगळा. आमच्याकडे अजून दोन्ही एकच आहेत. गावाला जोडणारा पक्का रस्ता झाला तरी शिवारातल्या पांदणी आणि कॅनॉलची वाट सायकलला भरपूर पुरतील. आणि पावसाळ्यात मी बाराशे रुपयांचे टायर वाचवत पुण्यात बसेन, तेव्हा निदान बाजेची गरज तरी पडणार नाही.

सोमवारी ऑफिसात टीम लीडरनं फोटो बघितले. ‘‘ए, हे कुठलं?’’

‘‘हिंगोली,’’ मी म्हणालो. ‘‘नांदेड तिच्याजवळ आहे.’’

जायचं ठरवलंत तर...

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात काळ्या मातीच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात तर नावच नको.

कसं : मुंबईहून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसनं परभणी, पुढे रस्त्यानं औंढा. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स. सायकल डिकीत बसेल का, ते आधीच विचारा.

सोबत : दोन जादा ट्यूब, पॅच, पंप. सराट्यांशी मैत्री होत नाही! पाणी किमान दोन लिटर.

भान : उभ्या पिकातून सायकल घालू नका. समोरून बैलगाडी आली तर उतरून कडेला व्हा. कॅनॉलला पाणी सुटलेलं असेल तर काठापासून लांब राहा.

आणि हो : कुणी ‘कुणाचा तू’ विचारलं, तर गावाचं नाव नीट सांगा. चहा नक्की मिळेल.