जुन्या पुराची खूण

सांगलीत २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे नदीकाठी अनेकांना तोंडपाठ होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढू लागली, तेव्हा कित्येकांनी त्याच खुणेवर भिस्त ठेवली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. जुनी खूण बुडाली.

लोक जुन्या खुणेवर का विसंबतात?

पाहिलेला पूर मनात फूटपट्टीसारखा बसतो, पुढचा धोका त्यानेच मोजला जातो. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट केट्स यांनी १९६२ मध्येच हे नोंदवलं.

पण धोका मोठा आहे एवढं सांगूनही भागत नाही; नुसत्या भीतीने तयारी होत नाही. नेमकं काय करायचं हे ठाऊक असेल, तरच हात हलतात. शेजाऱ्याने धान्याची पोती माळ्यावर चढवली, जनावरं उंचावर नेली, की बाकीचेही आवरायला घेतात. म्हणूनच पुराच्या इशाऱ्यात फुटांच्या आकड्यासोबत कोणत्या गल्लीत पाणी शिरेल आणि कुठे जायचं, हेही सांगायला हवं.