योएत्सेतही शिकतच असते

नातवंडांच्या शाळेतून योएत्सेतचा फोन आला की आपण वडीलधारी माणसे दचकतो. मुलाचे काही बिघडले का, चार लोकांत बोभाटा होईल का, अशी शंका येते. म्हणून ही योएत्सेत हिनुखीत, म्हणजे शाळेची समुपदेशक, कशी तयार होते ते पाहू.

आपण भारतात शिकलो तेव्हा मुलांच्या अडचणी वर्गशिक्षकच पाहत. इस्राएलमध्ये या कामासाठी वेगळी नेमणूक होते. तिला शिक्षकाचे प्रमाणपत्र तर लागतेच, शिवाय समुपदेशनाची एम.ए. पदवीही लागते. ती डॉक्टर नव्हे. मुलाला अधिक मदत लागणार असेल तर ती मानसशास्त्रज्ञाचा सल्ला सुचवते.

पदवीने तिचे शिक्षण संपत नाही. शिक्षण मंत्रालयात शेफी नावाचा विभाग आहे. त्याच्या अनुभवी माद्रिखा, म्हणजे मार्गदर्शक, योएत्सेतना मार्गदर्शन करतात. अवघड प्रसंगी काय करावे याचा तेथे विचार होतो. हिश्तलमुत, म्हणजे सेवेतील अभ्यासवर्गही असतात. पगारातून केरेन हिश्तलमुतमध्ये सहा वर्षे पैसे साठवून सातव्या वर्षी अभ्यासासाठी शब्बातोन घेता येतो. जमिनीला जशी शमिता, तशी शिक्षकाला ही सुट्टी; पण ती नुसती विसाव्यासाठी नसते.

इतके शिकायचे कशाला? कारण मुलांच्या अडचणी बदलत राहतात. मोबाईलवरून होणारी छळवणूक पूर्वी नव्हती. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पडद्यावरून मुलांना धीर द्यावा लागला. 7 ऑक्टोबर 2023 नंतर सायरनची भीती, घर सोडावे लागणे, जवळच्यांचा मृत्यू ही दुःखे वर्गात आली. कायदाही माहीत असावा लागतो. मुलावर त्याच्या जबाबदार माणसाकडूनच अत्याचार होत असल्याचा सबळ संशय आला, तर पोलिसांना किंवा बालकल्याण अधिकाऱ्याला कळविणे 1989 पासून बंधनकारक आहे. अशा वेळी ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन तिला देता येत नाही.

तेव्हा फोन आल्यास मुलाला रागावू नका. मूल झोपेत दचकते का, जेवते का, कोणाशी बोलत नाही का, हे पुष्कळदा आजी-आजोबांनाच आधी दिसते. ते मुलाच्या आईवडिलांना सांगा आणि योएत्सेतला भेटायला त्यांना आग्रह करा. तुमच्याकडे असलेली ही माहिती कोणत्याही अभ्यासवर्गात मिळत नाही.