गिटारवरचा गंधार तानपुऱ्याशी का जुळत नाही?

बेळगाव-मिरज पट्ट्यात तानपुऱ्यावर गाणं शिकणारी पोरं इलेक्ट्रिक गिटारही हातात घेतात. सा-प झकास जुळतात, शुद्ध गंधार मात्र चढा लागतो. पोरं बिचारी आपल्याच कानाला दोष देतात. कान बरोबर आहे, दोष पडद्यांचा, म्हणजे फ्रेटचा.

गिटारचे पडदे सप्तकाचे १२ सारखे भाग करतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यामुळे गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार असतो ३८६ वर. पंचमात हाच फरक जेमतेम २ सेंटचा. म्हणून डिस्टॉर्शन लावूनही सा-प दणदणीत वाजतात आणि गंधार मिसळला की खरखर सुरू होते.

खात्री करायचीय? खुल्या तारेला सा माना. तारेची लांबी ६४८ मिमी असेल तर चौथा पडदा १३३.७ मिमीवर येतो. त्याच्या ४ मिमी अलीकडे, म्हणजे तारेच्या बरोबर एक पंचमांशावर, बोट नुसतं टेकवा आणि तार छेडा. दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार ऐकू येईल.

आता तो खाली वाजवायचा कसा? तार ओढली की सूर चढतोच, उतरत नाही. म्हणून चौथा पडदा सोडून तिसऱ्यावरच्या कोमल गंधारापासून ८६ सेंट ओढत यावं लागतं. सतारीचे पडदे सरकवता तरी येतात, इथे ते लाकडात ठोकलेले.

किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या ऑस्ट्रेलियन बँडचा २०१७ चा अल्बम पाव सुरांचे जादा पडदे बसवलेल्या गिटारवर आहे. पण तसली गिटार घेण्याआधी हिशेब करा: तिथे सूर ३५० वर आणि मग थेट ४०० वर. ३८६ चा गंधार तिच्यातही नाही. त्यापेक्षा बोटात काचेची नळी घालून स्लाइड वाजवणं स्वस्त पडतं.