विद्युत मोटारीचा लांबचा प्रवास : 80 टक्क्यांनंतर चार्जिंग का मंदावते?

चेन्नई : विद्युत मोटारीने चेन्नईहून सुमारे 350 किलोमीटरवरील बंगळुरू गाठताना वाटेत बॅटरी पूर्ण भरण्याचा आग्रह वेळखाऊ ठरतो. याचे कारण बॅटरीच्या गुणधर्मांत आहे.

घरातील एसी वीज मोटारीतील उपकरणाद्वारे डीसीत रूपांतरित होते. त्या उपकरणाची क्षमता मर्यादित असते. जलद चार्जर मात्र डीसी प्रवाह थेट बॅटरीला देतो. 40 युनिट क्षमतेची बॅटरी 50 किलोवॉटच्या चार्जरवर 10 वरून 80 टक्क्यांपर्यंत जाण्यास साधारण 40 मिनिटे लागतात. त्यानंतर बॅटरीतील सेलचे व्होल्टेज कमाल मर्यादेजवळ पोहोचते. तेव्हा प्रवाह तितकाच ठेवल्यास सेलची हानी होण्याचा धोका असल्याने नियंत्रण यंत्रणा तो कमी करत नेते. परिणामी उर्वरित 20 टक्क्यांसाठीही जवळपास तेवढाच वेळ जाऊ शकतो.

या मार्गावर चढाचाही हिशेब ठेवावा लागतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. 1,800 किलो वजनाची मोटार एवढ्या उंचीवर नेण्यासाठी सुमारे साडेचार युनिट, म्हणजे अशा बॅटरीच्या दशांशाहून अधिक वीज जादा खर्च होते. परतीच्या उतारावर तिचा काही भाग पुन्हा बॅटरीत साठवला जातो.

त्यामुळे वेल्लोर आणि कृष्णगिरी येथे थोडा थोडा वेळ थांबणे एकदाच पूर्ण चार्जिंग करण्यापेक्षा सोयीचे ठरते. पुढील चार्जर लांब असेल, तरच 100 टक्क्यांचा विचार करावा. 80 टक्क्यांवर मोटार हलवल्यास रांगेतील पुढच्या प्रवाशाचाही वेळ वाचतो.