फोन गेला तर सातबारा, फोटो, हिशेबाचं काय? पैसे न मोजता सुरक्षित बॅकअप असा घ्या

सिरसाळा (ता. परळी) : सातबारा, पीकविम्याची पावती, जातीचा दाखला, लग्नाचे फोटो... पूर्वी लोखंडी पेटीत असणारा ऐवज आता मोबाइलमध्ये असतो. सातबारा पुन्हा काढता येतो, दाखल्याची दुसरी प्रतही मिळते. पण वारलेल्या आजोबांचा व्हिडिओ किंवा मोबाइलमध्ये लिहिलेला उधारीचा हिशेब कोणत्याच कार्यालयात मिळत नाही.

गुगलवर असतंच की, मग वेगळा बॅकअप कशाला?

गुगलची मोफत जागा १५ जीबी आहे. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक सुरू असताना गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, की तो क्लाउडवरूनही जातो.

ओपन सोर्सच का?

खासगी कंपनीचं सॉफ्टवेअर बंद पडलं, तर त्यात ठेवलेल्या फाईल उघडणं अवघड होऊ शकतं. 'ट्रूक्रिप्ट' मे २०१४ मध्ये बंद झालं. मात्र त्याचा कोड सर्वांसाठी खुला होता. त्यावरून तयार झालेलं 'व्हेराक्रिप्ट' आजही मोफत मिळतं.

काय करायचं?

१. फोन केबलने संगणकाला जोडा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते विसरू नका.

२. बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर व्हेराक्रिप्टने कुलूपबंद कप्पा तयार करा आणि फाईल त्यात टाका. डिस्क चोरीला गेली तरी पासवर्डशिवाय काही दिसणार नाही.

३. फाईल वरचेवर बदलत असतील तर 'डुप्लिकाटी' वापरा. ते फक्त बदललेला भाग साठवतं आणि जुन्या आवृत्त्याही ठेवतं.

४. दुसरी डिस्क परगावी, विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवा. आग, चोरी, पुराचा फटका दोन्हीकडे एकदम बसत नाही.

५. काम झालं की डिस्क काढून ठेवा.

डिस्क काढून ठेवल्याने काय होतं?

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं संगणकजाळं ठप्प केलं. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या टर्मिनलचं कामही थांबलं. कंपनीच्या जाळ्याची वापरकर्ते आणि परवानग्यांची नोंद जगभरातल्या सर्व्हरवरून पुसली गेली. वाचली ती फक्त घानामधील एका सर्व्हरवर. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटला होता. थोडक्यात, जोडलेलंच नसेल तिथे व्हायरस पोहोचत नाही.

पासवर्ड विसरला तर?

तर फाईल गेल्याच समजा. व्हेराक्रिप्टमध्ये 'फरगॉट पासवर्ड' नाही, ओटीपीही येत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, कागदावर लिहा आणि तो कागद डिस्कपासून वेगळा, घरातल्या आणखी एकाला माहीत असलेल्या जागी ठेवा.

बॅकअप नीट झालाय हे कसं कळेल?

दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर डिस्क जोडून चार-पाच फाईल उघडून पाहा. उघडल्या, तरच बॅकअप आहे असं धरा.