स्वभाव ओळखा, मग मनसुबा बांधा

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो,

दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येऊ लागला की वऱ्हाडात पैसा खेळू लागतो आणि त्याबरोबर मनसुबेही. कुणाला दुकान वाढवायचे असते, कुणाला नवे शिलाई यंत्र घ्यायचे असते, कुणाला मुलीला फार्मसीला घालायचे असते, तर कुणाला हजसाठी रक्कम बाजूला टाकायची असते. वर्ष सरते. काहींचे मनसुबे पार पडतात, पुष्कळांचे वहीतच राहतात. मग दोष मंदीला, नशिबाला आणि मोठमोठ्या शोरूमना दिला जातो. त्यात तथ्य आहेच. पण एकाच ओळीत, सारख्याच भांडवलावर बसलेल्या दोघांपैकी एक पुढे जातो आणि दुसरा जागीच राहतो, याचे उत्तर मंदीत सापडत नाही. अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात कापड विकता विकता आम्हाला जे दिसले ते असे की, यातला मोठा भाग माणसाच्या मिजाजाचा असतो.

मानसशास्त्राच्या जाणकारांनी स्वभावाचे पाच मुख्य गुण मानले आहेत. नेटकेपणा, बोलका स्वभाव, मनमिळाऊपणा, चिंता करण्याची वृत्ती आणि नव्याची ओढ. हे पाचही प्रत्येकात असतात, फक्त प्रमाण कमीजास्त. अमेरिकेतील बॅरिक आणि माउंट या दोघांनी 1991 साली 117 अभ्यास एकत्र करून पाहिले. नेटका, जबाबदारीने वागणारा माणूस त्यांनी तपासलेल्या सर्वच व्यवसाय-गटांत चांगले काम करतो, असे त्यांना आढळले. बोलक्या स्वभावाचा फायदा मात्र मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापन या कामांत दिसला. म्हणजे गोड जीभ गिऱ्हाईक आणते, पण वर्षाचा हिशेब जुळवते ती शिस्त.

आता आपल्याच बाजारात पाहा. मनमिळाऊ दुकानदाराला उधारी मागताना लाज वाटते. खेड्यातला माणूस ‘कापूस विकला की देतो’ म्हणतो, कापूस विकला जातो, आणि आपले भाई गप्प राहतात. गिऱ्हाईक टिकते, भांडवल अडकते. चिंता करणारा दुकानदार ईदचा माल वेळेवर उचलतच नाही. भाव उतरेल का, माल पडून राहील का, या धास्तीत चांगला माल दुसऱ्याच्या दुकानात जातो. नव्याची ओढ असलेला सुरतेहून दर खेपेला नवा नमुना आणतो, आणि जुन्या नमुन्याचे तागे मागच्या खोलीत साचत जातात. कारागिराचेही तेच. भिडस्त दर्जी कुणालाच ‘नाही’ म्हणत नाही. चांदरातीला दुकानासमोर गर्दी आणि आत अर्धवट शिवलेले जोड, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

यातला कोणताही गुण वाईट नाही. भिडस्तपणामुळेच गिऱ्हाईक तीन पिढ्या टिकते, आणि चिंतेमुळेच माणूस कर्जात बुडत नाही. चूक होते ती आपला स्वभाव न ओळखता दुसऱ्याचा मनसुबा उचलण्यात.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातली दोन माणसे या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. गाडगेबाबांचा जन्म 1876 साली शेंडगावचा. शाळा नाही, भांडवल नाही, एका जागी बसणे स्वभावातच नाही. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरायचे आणि लोकांना समजेल अशा बोलीत बोलायचे, हा त्यांचा मिजाज. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पैसा त्यांच्या शब्दावर गोळा होई, पण मालमत्ता आणि कारभार त्यांनी विश्वस्तांच्या हवाली केला. फिरणे स्वतःकडे आणि वही दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती.

दुसरे डॉ. पंजाबराव देशमुख. जन्म 1898 साली पापळचा, शेतकऱ्याच्या घरी. यांचा मिजाज अभ्यासाचा, कायद्याचा आणि संस्था बांधण्याचा. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकून ते डॉक्टर आणि बॅरिस्टर झाले. 1932 साली त्यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1952 ते 1962 या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. 1969 साली अकोल्यात निघालेले कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे. दोघांनाही गरीब माणसाची हालत सुधारायची होती. वाट मात्र प्रत्येकाने आपल्या मिजाजाची धरली.

तेव्हा करायचे काय? स्वभाव सहजासहजी बदलत नाही. पण त्याच्या कमी बाजूला टेकू देता येतो. आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी येथे देतो.

पहिली, मनसुबा आकड्यात आणि तारखेत बांधा. ‘धंदा वाढवायचा’ हा मनसुबा नव्हे. ‘पोळ्यापर्यंत उधारी दोन लाखांवरून एक लाखावर आणायची’ हा मनसुबा. लॉक आणि लॅथम या संशोधकांनी 1990 साली ग्रंथ लिहून हेच मांडले की नेमके आणि थोडे कठीण ध्येय ठेवणाऱ्याचे काम मोघम इच्छेपेक्षा सरस होते.

दुसरी, ‘असे झाले तर असे करीन’ हे आधीच ठरवा. गिऱ्हाईक ‘नंतर देतो’ म्हणाले, तर त्याच्यासमोरच वहीत तारीख लिहायची. अशा आगाऊ ठरावांवरच्या 94 चाचण्यांचा आढावा 2006 साली निघाला, आणि ठराव करणाऱ्यांची ध्येये जास्त पार पडल्याचे त्यात दिसले. भिडस्त माणसाला याचा विशेष उपयोग होतो, कारण ऐनवेळी भीड आड येण्याआधीच निर्णय झालेला असतो.

तिसरी, कामाला माप लावा. दर्जी रोज चार जोड शिवत असेल आणि ईदला पंचवीस दिवस उरले असतील, तर शंभर जोडांनंतर पावती पुस्तक बंद. धास्तीखोर दुकानदाराने माल दोन हप्त्यांत उचलावा. अर्धा आधी, अर्धा पहिल्या आठवड्याची विक्री पाहून. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, कापसाचा पैसा मात्र आपल्या हंगामालाच येतो. म्हणून गेल्या वर्षीचा अंदाज डोळे मिटून यंदा चालत नाही. नव्याची ओढ असलेल्याने एक नमुना खपल्याशिवाय दुसरा आणू नये.

चौथी, जे आपल्याला जमत नाही ते ज्याला जमते त्याच्याकडे द्या. किती तरी घरांत हिशेबाची नजर पत्नीची किंवा मुलीची असते, आणि वही मात्र पुरुषाच्या हाती असते. ती त्यांच्याकडे देण्यात कमीपणा कसला?

मुलांच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचे आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत होणाऱ्या सुमारे एक हजार एकरांच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली. उद्या तेथे कापडाच्या धंद्यात तऱ्हेतऱ्हेची कामे निघतील. यंत्रावर रमणारा मुलगा गल्ल्यावर बसवला, आणि बोलका मुलगा मागच्या खोलीत हिशेबाला लावला, तर दोघेही वाया जातील आणि दुकानही.

बंधूंनो, या हंगामात नव्या वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा. एक, आपल्याला काय मिळवायचे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी, आपला कोणता स्वभाव त्याच्या आड येतो आणि त्याला टेकू कुणाचा. पहिली ओळ सगळेच लिहितात. दुसरी लिहिणारे थोडे, आणि आम्ही पाहिले आहे की पुढे जाणारे बहुधा त्याच थोड्यांतले असतात.